एक दिवस पादचाऱ्यांचा, मग बाकीचे ३६४ कुणाचे?



दरवर्षी ११ डिसेंबर जवळ आला की पुण्यात लक्ष्मी रोडची चर्चा सुरू होते. २०२१ पासून पुणे महानगरपालिका या तारखेला 'पादचारी दिन' साजरा करते. त्या दिवशी लक्ष्मी रोडचा एक पट्टा गाड्यांसाठी बंद ठेवतात. रस्त्यात बसायला जागा केली जाते, मुलांसाठी खेळ असतात, गाणी-बजावणी असते. माणसं रस्त्याच्या अगदी मधोमध चालतात आणि सुरुवातीला जरा बावरल्यासारखी इकडेतिकडे बघतात. मागून हॉर्न कसा वाजत नाही, असं वाटत असावं. असा दिवस पाळणारं पुणे हे देशातलं पहिलं शहर, हेही आपण कौतुकानं सांगतो.

मला हा उपक्रम मनापासून आवडतो. माझा प्रश्न १२ डिसेंबरचा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथेच दुचाक्यांची रांग लागलेली असते आणि कालची माणसं आज पुन्हा गाड्यांच्या फटीतून वाट काढत असतात. वर्षातला एक दिवस शिक्षकांचा, एक दिवस पर्यावरणाचा, एक मराठी भाषेचा, तसा एक चालणाऱ्यांचा. हारतुरे झाले, फोटो झाले, संपलं.

माझं म्हणणं असं आहे. शहराच्या मध्यवस्तीतला रस्ता रोज चालण्यासारखा असला तरच तो जिवंत राहतो. आणि तो तसा झालाय का, हे ओळखायला नव्या फरश्या आणि शोभेचे दिवे बघू नका. तिसरीतलं मूल त्या रस्त्यावरून एकटं जाऊन वही घेऊन परत येऊ शकतं का, ते बघा. सोबत त्याची सत्तरीची आजीही धरा. बोगोटा शहरात उद्यानांचं काम पाहिलेल्या गिल पेन्यालोसा यांनी हाच विचार '८-८०' या नावानं मांडला आहे. आठ वर्षांच्या मुलाला आणि ऐंशी वर्षांच्या माणसाला जे शहर सोयीचं, ते सगळ्यांनाच सोयीचं. शिक्षकाला हे माप चटकन पटतं, कारण त्यातलं आठ वर्षांचं मूल रोज आपल्यासमोर बसलेलं असतं.

आपण शिकवतो ते आणि बाहेर असतं ते

परिसर अभ्यासात आपण वाहतुकीचे नियम शिकवतो. पदपथावरून चाला. रस्ता ओलांडताना झेब्रा पट्ट्यांचा वापर करा. मुलं पाठ करतात, पेपरात लिहितात, पैकीच्या पैकी गुण घेतात. मी पुण्याच्या पेठांमधल्या एका शाळेत शिकवते. माझ्या वर्गातली निम्मी मुलं ज्या गल्ल्यांमधून येतात तिथे पदपथ नाहीच. जिथे आहे तिथे त्यावर दुचाकी आहे, विजेची डीपी आहे, दुकानाची पाटी आहे, नाहीतर कुणीतरी वाळूचा ढीग टाकलाय. पट्टे रंगवलेले असतात, पण त्यावर उभं राहिलं म्हणून गाडी थांबत नाही. मग हा नियम मुलानं पाळायचा कसा? पदपथ नसेल तर उजव्या बाजूने, समोरून येणारी वाहनं दिसतील असं चालावं, हे मी आता मुद्दाम वेगळं सांगते, कारण माझ्या मुलांना तेच जास्त उपयोगी पडतं.

नकाशा शिकवताना मी मुलांना 'माझं घर ते माझी शाळा' असा नकाशा काढायला सांगितला होता. प्रमाण, दिशा वगैरे काही नाही, जे आठवतं ते काढा म्हटलं. चालत येणाऱ्या मुलांचे कागद गच्च भरले. मारुतीचं देऊळ, इस्त्रीवाले काका, रसवंती, फुलवाल्या मावशी, रोज त्याच पायरीवर झोपणारं एक कुत्रं, गळका नळ. एकीनं तर कुठल्या खिडकीतून फोडणीचा वास येतो तेही लिहिलं होतं. एका मुलानं पदपथ जिन्यासारखा काढला. मी विचारलं, "अरे, हे काय?" तर म्हणाला, "बाई, तो तसाच असतो. वर चढा, खाली उतरा, परत वर चढा." त्याचं निरीक्षण बरोबर होतं. प्रत्येक वाड्याच्या दारापाशी, प्रत्येक पार्किंगच्या तोंडाशी आपले पदपथ तुटतात.

व्हॅनमधून किंवा गाडीवर पुढे बसून येणाऱ्या मुलांचे कागद मात्र रिकामे होते. एका मुलीनं वर घर काढलं, खाली शाळा काढली आणि मधे दोन सरळ रेघा ओढल्या. "मधे काय आहे गं?" म्हटलं. ती म्हणाली, "बाई, मधे ट्रॅफिक आहे."

ते वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. मुलगी हुशार आहे, चित्रही छान काढते. पण घर आणि शाळा यांच्या मधलं गाव तिला ठाऊकच नाही.

हे फक्त माझ्या वर्गाचं नाही. डोनाल्ड ॲपलयार्ड नावाचे एक नगररचनेचे प्राध्यापक होते. त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या एकमेकांसारख्याच तीन रस्त्यांचा अभ्यास केला. फरक फक्त वाहतुकीचा होता. एकावर कमी गाड्या, दुसऱ्यावर मध्यम, तिसऱ्यावर खूप. कमी गाड्यांच्या रस्त्यावर राहणाऱ्या माणसांना त्याच रस्त्यावर जितके मित्र होते, त्याच्या जवळपास एक तृतीयांशच मित्र जास्त गाड्यांच्या रस्त्यावरच्या माणसांना होते. १९८१ मध्ये त्यांचं या विषयावरचं पुस्तक आलं आणि दुसऱ्याच वर्षी अथेन्समध्ये एका भरधाव गाडीच्या धडकेनं ते गेले.

आकडा आपल्या देशाचा पाहायचा असेल तर केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे दिवसाला साधारण ९०. माझ्या वर्गाच्या दुपटीहून जास्त माणसं रोज, आणि ती कुठलंही वाहन चालवत नव्हती.

कंपासपेटीतली पट्टी

पदपथ कसा असावा हे कुणाला माहीतच नाही, असं समजू नका. इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेनं पादचाऱ्यांच्या सोयींसाठी २०१२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. चालायला मोकळी जागा कमीत कमी १.८ मीटर हवी, बाजारपेठेच्या भागात २.५ मीटर. मोकळी म्हणजे झाड, खांब, कचरापेटी वगळून. पदपथाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. शिक्षक मित्रांनो, मुलांच्या कंपासपेटीतली १५ सेंटीमीटरची पट्टी उभी धरा, बरोबर तेवढीच उंची. ही पट्टी घेऊन मुलांना शाळेबाहेर न्या आणि मोजायला सांगा. मापनाचा यापेक्षा चांगला तास मला तरी माहीत नाही. काही ठिकाणी पट्टीवर पट्टी ठेवावी लागते. गुडघे दुखणारी आजी पदपथ सोडून रस्त्यावरून का चालते, हे मुलांना मग सांगावं लागत नाही.

पुणे महापालिकेचं स्वतःचं पादचारी धोरणही आहे, २०१६ चं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अडथळे नसलेले आणि दिव्यांगांनाही वापरता येतील असे पदपथ मिळणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. नागरिकशास्त्रात मूलभूत हक्क शिकवताना आपण फार लांबची उदाहरणं देतो. हे उदाहरण शाळेच्या फाटकाबाहेर आहे.

तेव्हा नियम आहेत, धोरण आहे, कोर्टाचा शब्दही आहे. अडतं कुठे? माझ्या मते अडतं एका भीतीपाशी. रस्त्यावरून गाड्या कमी केल्या तर धंदा बसेल, ही ती भीती.

गिऱ्हाईक गाडीतून येतं का?

या विषयावर मी लक्ष्मी रोडवरच्या एका साड्यांच्या दुकानदारांशी बोलले. आमच्या शाळेचे जुने पालक आहेत, त्यामुळे चहा पाजून बोलले. ते म्हणाले, "मॅडम, तुमचं सगळं बरोबर. पण गाडी दारात लागली नाही तर गिऱ्हाईक सरळ मॉलला जातं."

मी म्हटलं, "काका, मॉलमध्ये तरी गाडी दुकानाच्या दारात कुठे लागते? ती तळघरात लावतात आणि मग माणसं तीन-चार तास पायीच फिरतात."

ते हसले. पण त्यांचा पुढचा मुद्दा मला टोलवता आला नाही. लग्नाचा बस्ता बांधायला गावाकडून अख्खं कुटुंब येतं. आत्या, मावश्या, दोन म्हाताऱ्या, कडेवरची पोरं. परत जाताना पाच-सहा गाठोडी असतात. ती घेऊन लांबच्या पार्किंगपर्यंत चालत जा म्हटलं तर तो माणूस पुढच्या वेळी येणार नाही. शिवाय दुकानात माल येतो तो टेम्पोतूनच. हमालांनी गठ्ठे किती अंतर वाहायचे?

ही अडचण खरी आहे आणि तिची उत्तरंही अवघड नाहीत. टेम्पोला सकाळी दुकानं उघडायच्या आधीची वेळ ठरवून द्या. चौकाचौकात माणसं आणि सामान उतरवायला-चढवायला पाच मिनिटं थांबायची जागा ठेवा. म्हाताऱ्या माणसांसाठी या टोकापासून त्या टोकापर्यंत छोट्या ई-रिक्षा फिरू द्या. रुग्णवाहिका आणि अग्निशमनाच्या गाडीसाठी मधला पट्टा कायम मोकळा ठेवा. एवढं जमवल्याशिवाय रस्ता बंद केला तर दुकानदार विरोध करणार, आणि तो विरोध चुकीचा म्हणता येणार नाही.

पण गाडीशिवाय बाजार चालतच नाही, हे मात्र मी मान्य करणार नाही. कारण लक्ष्मी रोडला चिकटूनच तुळशीबाग आहे. आत चारचाकी जाऊ शकत नाही, दुचाकी नेणाऱ्याला बायका ओरडतात. तरी तिथे पाय ठेवायला जागा नसते. बांगड्या, भातुकली, पूजेची भांडी, रुखवताचं सामान, पिना, नाड्या. दहा रुपयांच्या पिनेसाठी गेलेली बाई पाचशेची खरेदी करून येते, कारण ती सावकाश चालते आणि चालताना तिची नजर दोन्ही बाजूंच्या दुकानांवर असते. गाडीवरून जाणाऱ्याची नजर समोरच्या रिक्षाच्या मागच्या दिव्यावर असते. पुण्यातला सगळ्यात जिवंत बाजार कुठला, असं कुठल्याही पुणेकर बाईला विचारा, ती गाडी न जाणाऱ्या बोळाचंच नाव घेईल.

मंडईचंही तेच. आणि अप्पा बळवंत चौकाचं उलटं! जूनमध्ये शाळा सुरू होताना तिथे पुस्तकांसाठी जी गर्दी होते ती आपण सगळ्यांनीच अनुभवलीय. एका हातात पोराचा हात, दुसऱ्या हातात यादी आणि पाठीला कुणाच्या तरी गाडीचं हँडल टोचतंय. पुस्तकांच्या बाजारात उभं राहून चार पानं चाळता यायला हवीत. तिथे आपण 'दोन नग द्या, लवकर द्या' करून पळतो. मुलाला पुस्तक निवडू द्यायचं असतं, ते राहूनच जातं.

गाडीशिवाय तिथे पोचायचं कसं, हा प्रश्न काही वर्षांपूर्वी बिनतोड होता. आता तेवढा राहिलेला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये मेट्रोचा जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मार्ग सुरू झाला आणि मंडईखाली स्टेशन आलं. पीएमपीनं २०२१ मध्ये पेठांसाठी 'पुण्यदशम' नावाची छोटी बससेवा सुरू केली तेव्हा दहा रुपयांत दिवसभर फिरा असा हिशेब होता. हजारो माणसं जमिनीखालून बाजाराच्या मधोमध येऊन वर निघणार आणि वर आल्यावर त्यांना चालायला जागा नसणार, याला काय म्हणावं? स्टेशनवर एवढा खर्च केला, आता त्याच्या बाहेरच्या पाचशे पावलांवर थोडा करा.

"रस्ता बंद केला तर शहर ठप्प होईल" असंही ऐकायला मिळतं. अहो, अनंत चतुर्दशीला हाच लक्ष्मी रोड विसर्जन मिरवणुकीसाठी चोवीस तासांहून जास्त वेळ पायी माणसांच्या ताब्यात असतो. आषाढी वारीसाठी ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या शहरात येतात, लाखो वारकरी चालत येतात, तेव्हा आपण वाहतूक वळवतो, पोलीस उभे करतो, पाण्याची सोय करतो. सगळं नीट होतं. रस्ता माणसांना कसा द्यायचा हे पुण्याच्या यंत्रणेला चांगलं ठाऊक आहे. देव आले की देतात, एवढंच.

एक हरकत मात्र मला मोठी वाटते. लक्ष्मी रोडवरची वाहतूक काढली की ती कुमठेकर रोडवर नाहीतर केळकर रोडवर जाणार. तिथेही घरं आहेत, शाळा आहेत. एका रस्त्याच्या मुलांना मोकळीक द्यायची आणि दुसऱ्या रस्त्याच्या मुलांच्या नाकाशी धूर सोडायचा, हे काही बरोबर नाही. म्हणून नुसता रस्ता बंद करून भागत नाही. बस वाढवाव्या लागतील, रस्त्यावरच्या पार्किंगला पैसे लावावे लागतील, पेठेतून फक्त पलीकडे जाण्यासाठी घुसणाऱ्या गाड्या बाहेरून वळवाव्या लागतील. मीही शाळेत स्कूटीवरच येते. पार्किंगचे पैसे माझ्याही खिशातून जातील. जाऊ देत.

दुसरीकडे काय झालं

डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात स्ट्रॉइट नावाची बाजारपेठेची रस्त्यांची साखळी आहे. १९६२ च्या नोव्हेंबरात ती प्रयोग म्हणून गाड्यांना बंद केली. तेव्हा तिथल्याही दुकानदारांनी विरोध केला. आमच्याकडे थंडी एवढी, इथे रस्त्यावर कोण रेंगाळणार, असंही लोक म्हणत होते. प्रयोग दोन वर्षं चालला आणि १९६४ मध्ये तो कायम झाला. आज तिथे फिरायला जगभरातून माणसं येतात. थंडीच्या जागी ऊन म्हणा, आपल्याकडची तक्रार तयार.

तरी परदेशाचं सोडा. दिल्लीच्या चांदनी चौकात लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा सव्वा-दीड किलोमीटरचा रस्ता २०२१ मध्ये नव्यानं बांधला आणि सकाळी ९ ते रात्री ९ मोटारगाड्यांना बंद केला. चेन्नईत टी. नगरच्या पाँडी बाजारात २०१९ मध्ये पदपथ एवढे रुंद केले की माणसं संध्याकाळी नुसती बसायलाही येतात. या ठिकाणीही सगळं आलबेल नाही. चांदनी चौकात बंदीच्या वेळात गाड्या घुसतात, अशा तक्रारी येतच असतात. बांधकाम एकदा होतं, राखण मात्र रोज करावी लागते.

पुण्यातलंच उदाहरण घ्या. जंगली महाराज रस्त्याचे पदपथ काही वर्षांपूर्वी छान रुंद केले. बसायला जागा, मुलांना खेळायला साधनं, झाडांभोवती पार. संध्याकाळी तिथे आजी-आजोबा बसलेले दिसतात, कॉलेजची पोरं दिसतात, एखादं पोरगं लोंबकळत असतं. बघून बरं वाटतं. आणि तेवढ्यात सिग्नलला कंटाळलेला एखादा दुचाकीवाला पदपथावर चढून हॉर्न वाजवतो. पदपथावर हॉर्न! त्याला अडवायला खांब लावले तर व्हीलचेअर अडकते, म्हणून खांबांमधलं अंतरही मोजूनमापून ठेवावं लागतं. अशा बारीक गोष्टींवरच हे काम टिकतं किंवा बिघडतं.

झाडं, बाक, स्वच्छतागृह आणि भाजीवाल्या मावशी

रस्ता 'सुंदर' करायचा म्हटलं की पहिली कुऱ्हाड पथारीवाल्यांवर पडते. हे मला अजिबात पटत नाही. मुलांच्या नकाशात आलेली माणसं आठवा. रसवंती, फुलवाल्या मावशी, इस्त्रीवाले काका. पोरगं रस्ता चुकलं, पडलं, कुणी त्याला त्रास दिला, तर पहिली धावते ती रस्त्यावर बसलेली हीच माणसं. जेन जेकब्ज या अमेरिकन लेखिकेनं १९६१ च्या आपल्या पुस्तकात हेच सांगितलं होतं की रस्ता सुरक्षित ठेवतात ते रस्त्यावर असणारे डोळे. आपल्या गल्लीतले हे डोळे म्हणजे भाजीवाल्या मावशी.

२०१४ चा पथविक्रेता कायदा त्यांना हटवा म्हणत नाही. कुणी कुठे बसायचं हे ठरवायला नगर पथविक्रेता समिती करा म्हणतो, आणि त्या समितीत किमान ४० टक्के सदस्य स्वतः पथविक्रेते हवेत, त्यातही एक तृतीयांश महिला. चालायची जागा मोकळी ठेवून त्यांच्या बसण्याची ओळ आखून द्यायची, असा साधा विचार आहे. पदपथ रुंद असला की दोघंही मावतात. आज पदपथ अरुंद, त्यात पार्किंग. मग चालणारा आणि विकणारा एकमेकांवर वैतागतात आणि ज्यानं खरी जागा खाल्ली ती गाडी निवांत उभी असते.

सावली हवी. एप्रिलमध्ये दुपारी लक्ष्मी रोडवर चालून बघा. जुन्या वाड्यांना ओसरी आणि ओटा असायचा, येणारा-जाणारा टेकायचा, पाणी मागायचा. वाडे गेले, ओटे गेले, त्या जागी काचेची दारं आली. बसायचं तर काहीतरी विकत घेऊनच बसावं लागतं. पुण्याला कट्ट्याचं एवढं प्रेम, आणि मध्यवस्तीत फुकट टेकायला कट्टा नाही.

आणि स्वच्छतागृह. पुरुष मंडळींना हा मुद्दा यादीच्या तळाचा वाटतो. बाजारात जायचं म्हणून सकाळपासून पाणी न पिणाऱ्या बायका मला माहीत आहेत. आमच्या एका विद्यार्थ्याची आजी पूर्वी रोज मंडईत जायची, आता जात नाही. पाय दुखतात, बसायला जागा नाही, आणि हा तिसरा प्रश्न आहेच. नातू म्हणतो, "आजी आता फोनवरून भाजी मागवते, पण तिला ती आवडत नाही." तिला भाजीपेक्षा मंडईतली माणसं आठवत असणार.

सुरुवात कुठून

एकदम रोज बंद करा असं मी म्हणत नाही. ११ डिसेंबरचा प्रयोग महिन्यातून एका रविवारी करा. तो जमला की दर रविवारी. मग रोज संध्याकाळचे चार तास. प्रत्येक टप्प्यावर दुकानदारांची विक्री, रहिवाशांचा त्रास, बाजूच्या रस्त्यांची कोंडी हे लिहून ठेवा आणि लोकांसमोर मांडा. आकडे समोर आले की दुकानदारही भीतीऐवजी हिशेबानं बोलतील. आणि लक्ष्मी रोडची वाट न बघता प्रत्येक शाळेच्या फाटकापासून दोनशे मीटरपर्यंतचा रस्ता आधी घ्या. सलग पदपथ, रस्त्यापेक्षा जरा उंच केलेले झेब्रा पट्टे, म्हणजे गाडीचा वेग आपोआप कमी होतो. शाळा भरताना आणि सुटताना अर्धा-अर्धा तास गाड्यांना मज्जाव. यात पालकांच्याही गाड्या आल्या, हे आधीच सांगून ठेवते. फाटकासमोर सगळ्यात जास्त गोंधळ आपल्याच गाड्यांचा असतो.

शिक्षकांना करता येण्यासारखं बरंच आहे. 'मी रस्ता बोलतोय' हा निबंध आपण वर्षानुवर्षं देतो आणि मुलं तेच खड्डे, तीच धूळ, तोच शेवट लिहितात. या वेळी निबंधाआधी नकाशा काढून घ्या. पट्टीनं पदपथ मोजून घ्या. दहा मिनिटं फाटकाशी उभं राहून किती माणसं चालत गेली आणि किती गाड्यांतून गेली ते मोजू द्या. मग लिहायला सांगा. निबंध बदललेला दिसेल.

हे कागद वर्गातच राहू देऊ नका. पुण्यात २००६-०७ पासून महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांना आपल्या भागातली कामं सुचवता येतात. त्यासाठी क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यायचा असतो. पदपथ, बाक, दिवे अशी छोटी कामं त्यात बसतात. इतर गावांत नगरपरिषदेला, प्रभाग कार्यालयाला साधं पत्र देता येईल. पालकांच्या सह्या घ्या, मुलांचे नकाशे जोडा.

आमच्या वर्गानं अर्जात तीन गोष्टी लिहायचं ठरवलं आहे. शाळेसमोर एक उंच झेब्रा पट्टा, मंडईच्या वाटेवर सावलीतले दोन बाक, आणि वाड्याच्या दारापाशी तुटणारा तो पदपथ सलग करणं. चौथी मागणी एका मुलानं सुचवली होती, त्या पायरीवरच्या कुत्र्याला तिथून हलवू नये म्हणून. ती अर्जात कुठल्या रकान्यात लिहायची, यावर वर्गात अजून चर्चा सुरू आहे.